शेवंताचा गाल, वहिनीचा गाल

"गटार आहे नुसतं," साहेब म्हणाले.

ते वहिनीच्या तोंडाबद्दल बोलत होते. माझ्या सख्ख्या वहिनीच्या. ती खळ्यात, ओट्यासमोरच्या सारवलेल्या अंगणात उकिडवी बसली होती. मान मागे टाकून, आ वासून. साहेब ओट्यावर खुर्चीत, पुढे वाकलेले. मी त्यांच्या शेजारी उभा. हातात बॅटरी. बॅटरीचा झोत तिच्या तोंडात. झोत मीच धरला होता.

घर मालवणातल्या एका बागाईतदाराचं. साहेबांच्या मुंबईच्या प्रयोगशाळेची माणसं येणार म्हणून त्याने ओटा झाडून दिला होता. टेबल दिलं, खुर्च्या दिल्या, शहाळी दिली. आमच्या वाड्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बायकांनी मात्र ओट्याची पायरी चढायची नाही, हा त्या घराचा जुना नियम. आम्ही होडीवाले. मासळी द्यायची खळ्यात, पाणी प्यायचं खळ्यात, आणि तोंड दाखवायचं तेही खळ्यात. मला तेवढं वर घेतलं होतं. पायात बूट होते म्हणून असेल. लहानपणी याच खळ्यात मी बांगडा मासळीची पाटी उतरवून उन्हात उभा राहिलेलो. ओट्यावर पाय ठेवला तेव्हा पोटात थोडी गुदगुली झाली. लिहायला लाज वाटते, पण झाली.

गटार म्हणण्यासारखं काय होतं, तेही सांगतो. आदल्या दिवशी मी वाड्यात फिरून बायकांना सांगितलं होतं, की मुंबईचे मोठे डॉक्टर तुमची तोंडं तपासणार आहेत. मोठा माणूस तोंडात बघणार म्हटल्यावर बायकांनी काय करावं? तोंड स्वच्छ केलं. आमच्याकडे तोंड स्वच्छ करायचं म्हणजे मशेरी लावायची. तव्यावर काळीकुट्ट भाजलेली तंबाखू, कुटून बारीक केलेली. ती रोज सकाळी लावतात, त्या दिवशी दोनदा लावली. वहिनीने तर तीनदा, दीर येणार म्हणून. शास्त्राचा मान ठेवायला सगळ्या वाड्यातल्या बायका तंबाखू घासून आल्या होत्या, आणि शास्त्र तंबाखूनेच गाल कसे सडतात ते बघायला आलं होतं. मी मध्ये उभा. दोन्हीकडचं मला कळत होतं. एकाही बाजूला मी तोंड उघडलं नाही.

"सांग हिला," साहेब म्हणाले, "समुद्र समोर आहे, तोंड खळखळून ये म्हणावं. आणि मग माणसासारखी बस म्हणावं."

साहेब मराठीच बोलत होते. वहिनीला शब्द न् शब्द कळत होता. तरी ते मला म्हणत, सांग हिला. तिच्याशी थेट बोलायचंच नव्हतं त्यांना. बरोबरचे दोन विद्यार्थी हसले.

मी सांगितलं. "तोंड धुवन ये. आनी माणसासारख्या बस."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मग पदर सावरत उठली आणि म्हणाली, "व्हय सायबानू."

हे मला लागलं. साहेबांचं गटार त्या मानाने काहीच नाही. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी नागडा फिरत होतो. रीत म्हणून मला भावजी म्हणायची आणि वर अरेतुरे करायची. दादा समुद्रात गेला तो परत आला नाही. त्यानंतर तिने डोक्यावर पाटी घेतली आणि माझी शाळा सुटू दिली नाही. ती बाई चारचौघांत मला 'सायबानू' म्हणाली. मी तिचा कोणी लागतो, हे साहेबांना कळू नये म्हणून. माझी लाज राखली तिने. आणि मी राखू दिली.

संध्याकाळी घरी गेलो. ती चुलीपाशी पेडवे मासे साफ करत होती. मी म्हटलं, "वयनी, चुकलंय मी."

"कित्याक रे?" ती म्हणाली. "माझा तोंड गटार आसा ह्यां सगळ्या बाजाराक म्हायत आसा. तुझ्या सायबाक आज कळला."

तिला माझ्या कामाबद्दल नेहमीच शंका. मी पीएच.डी. झालो तेव्हा तिने वाड्यात साखर वाटली. मग मी सांगितलं की आता त्याच प्रयोगशाळेत पुढचं संशोधन करतोय. तेव्हा विचारात पडली. "म्हणजे अजून शिकतंस? नापास झालंस काय?" वाड्यात तिने काय सांगितलं असेल देव जाणे. बरीच वर्षं मला बघून लोक हळहळत.

काम काय होतं, ते तिलाही मी कधी नीट सांगितलं नव्हतं. इथे सांगतो. गालाच्या आतल्या कातडीत पेशींचे थर असतात, एकावर एक, भिंतीच्या चिऱ्यांसारखे. त्यांच्या तळाला एक पातळ पडदा. साध्या पेशी पडद्याच्या वरच राहतात. शेजारणीला लागल्या की थांबतात. कर्करोगाची पेशी थांबत नाही. शेजारणीचा हात सोडते, पडदा फोडते आणि खाली मांसात उतरते. एकदा उतरली की माणूस हाताबाहेर जायला लागतो. ती उतरते कशी, हा माझा विषय. त्यावर जगभर माणसं डोकं फोडत होती, आणि त्यांत मालवणच्या होडीवाल्यांतला एक.

अडचण अशी होती, की उतरून गेलेल्या पेशी हव्या तेवढ्या मिळत. दवाखान्यात माणसं येतात तीच उशिरा. उतरत असताना बघायचं तर बाई हिंडतीफिरती हवी, जिचं दुखणं अजून तिलाच कळलेलं नाही अशी. आणि तिच्या त्याच गालाचा तुकडा पुन्हा काही महिन्यांनी हवा. आधी आणि नंतर. साहेब त्याला मालिका म्हणत. अशा बायका मुंबईत कुठून मिळणार? मीच म्हटलं होतं, सर, आमच्याकडे मिळतील. फार हुशारीने म्हटलं होतं.

त्या दिवशी खळ्यात वहिनीच्या बाजूला शेवंता बसली होती. शेवंता मसुरे गावची. कुडाळच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची. आमच्या नात्यातली नाही, आमच्या वाड्यातलीही नाही. आदल्या वर्षी साहेब पहिल्यांदा आले तेव्हा तिच्या गालाचा तुकडा घेतला होता. तो मीच मेणात बसवला, यंत्रावर त्याचे कांद्यासारखे पापुद्रे कापले, रंगवले. काचेवर एके ठिकाणी पडदा तुटला होता, आणि पेशींचं एक बोट खाली उतरत होतं. इतकं स्वच्छ आम्ही कुणीच बघितलेलं नव्हतं. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या एका काचेवर माझी पुढची जागा ठरली.

वर्षाने शेवंता पुन्हा समोर बसली, तेव्हा तिचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. गाल आतून दगड झालेला. साहेबांनी त्याच जागी दुसरा तुकडा घेतला. ती थुंकली, रक्त पदराला पुसलं आणि साहेबांना नाही, मला विचारलं, "औषद खंय आसा?"

मी साहेबांकडे बघितलं.

"पुढच्या खेपेला, सांग," ते म्हणाले.

"फुडल्या खेपेक," मी म्हटलं.

ती मान हलवून निघून गेली. मी बाटलीवर चिठ्ठी डकवली. माझं काम नाही ते, असं मी तेव्हा स्वतःशी म्हटलं. औषध डॉक्टर देतात. मी पेशी बघतो. हे वाक्य माझ्या फार उपयोगी पडायचं.

मुंबईला आल्यावर, त्या दिवशी खळ्यात घेतलेला वहिनीच्या गालाचा तुकडा कापला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तसाच राहिलो. तळाचे थर विस्कटलेले. एका जागी पडदा विरलेला. त्या फटीतून चार-दोन पेशी खाली डोकावत होत्या. शेवंताच्या पहिल्या काचेवर होतं अगदी तेच, फक्त एक टप्पा आधीचं. अजून वेळ होता. गालाचा तेवढा भाग वेळेत काढला, तर वहिनी वाचणार होती.

साहेबांनी बघितलं. त्यांचा चेहरा उजळला.

"ओलांडतानाच सापडली," ते म्हणाले. "हिला हात लावायचा नाही. दिवाळीनंतर पुन्हा जाऊ. त्याच जागेचा तुकडा घेऊ."

"सर, हिला इथे दवाखान्यात आणलं तर?"

"आपण दवाखाना नाही. आणि ही माणसं सांगूनही येत नाहीत. तंबाखू सोडत नाहीत. निसर्ग जे करणारच आहे, ते आपण फक्त बघतो."

 मी म्हटलं, "सर, ती माझी वहिनी आहे."

साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता ओशाळतील. खळ्यातलं काहीतरी आठवेल त्यांना.

"मग तर बरंच झालं," ते म्हणाले. "पुन्हा यायला नाही म्हणणार नाही."

एवढंच. रागावून नाही, हसूनही नाही. सोय झाली म्हणून म्हणाले. वहिनी, मी, आमचं घर, तिने माझ्यासाठी उन्हातान्हात ओरडून विकलेली मासळी, सगळं त्यांच्या मालिकेची सोय होती. मी हुशार म्हणून त्यांनी मला वर घेतलं, असं मी समजत होतो. मला त्यांनी घेतलं होतं, कारण माझ्यामागून बायका येत होत्या.

इथे खरं तर मी टेबलावर मूठ आपटायला हवी होती. माझ्या हातून तसं काही झालं नाही. मी म्हटलं, "हो सर," आणि जागेवर जाऊन बसलो. होळी गेली, पाडवा गेला. रजा मिळत नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. मागितली नव्हती. साहेबांना दुखवलं तर जागा जाईल, जागा गेली तर वहिनीला काय तोंड दाखवू, असाही एक विचार मी करायचो. तोंड दाखवायचा! तिच्या गालात पेशी उतरत होत्या आणि मला माझ्या तोंडाची काळजी.

शेवटी प्रयोगशाळेत कुणीतरी सहज म्हणालं, पावसाळा जवळ आला, कोकणची बोट बंद होईल. त्या दिवशी मी न विचारता निघालो. भाऊच्या धक्क्यावर बोट धरली आणि मालवणला उतरलो.

वहिनी दारात जाळं पसरून बसली होती. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काय रे भावजी, पास झालंस काय शेवटी?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. तुझ्या गालात काय आहे, ते मी काचेवर बघितलं. आत्ता मुंबईला चल. गाल थोडा कापतील. नंतर आलीस तर कापूनही उपयोग नाही.

"मरतलंय काय मी?"

"आत्ता चललंस तर नाय."

तिने जाळ्याचा फाटका भाग हातात धरला, पुन्हा सोडला.

"कधीसून म्हायत आसा तुका?"

"होळयेच्या आदीसून."

"आनी तू आता इलंस."

 तिने ते पुढे ओढलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आनी ती शेवंता? तिका सांगलंस?"

"शेवंता?" मी म्हटलं. "वयनी, आदी तुझा बगूया. ती आपली..."

पुढचा शब्द तोंडात आला होता. ती आपली कोण. तो मी गिळला, पण वहिनीने ऐकला.

"ती माझ्या बाजूक बसलेली," ती म्हणाली. "त्याच खळ्यात. तुज्याच बॅटरीत. पयली तिका सांगून ये. मगे मी बोटीर चढतंय. नायतर तुझी मुंबय तुका लखलाभ."

मी खूप बोललो. वेळ नाही, बोट सुटेल, शेवंताचं पुढे गेलंय. तिने जाळं आवरायला घेतलं. वहिनीने जाळं आवरायला घेतलं की बोलणं संपलं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत.

मसुऱ्याला चालत गेलो. वाटेत एकच गोष्ट डोक्यात. वहिनीच्या काचेवर डोळा लावला तेव्हा मला दवाखाना आठवला होता. शेवंताच्या काचेवर तेच होतं. तेव्हा दवाखाना आठवला नव्हता. तेव्हा मी चहा प्यायलो होतो, खुशीत. साहेबांना वाईट म्हणायला मी मोकळा होतो, पण त्यांनी निदान दोघींत फरक केला नव्हता. फरक मी केला. एक माझी, एक नमुना.

शेवंता मागच्या पडवीत पडली होती. गालाला फडकं. वास येत होता. तिची सून मला बघून बाजूला झाली. मी उभ्या उभ्या सांगितलं. जे वहिनीला सांगितलं तेच. फक्त शेवटचं वाक्य बदलावं लागलं. मी म्हटलं, मुंबईला चल, दुखणं कमी करतील, पण बरं होईल असं मी सांगू शकत नाही.

तिला बोलायला त्रास होत होता. तिने फडकं हाताने दाबून धरलं.

"पयल्यांदा कापल्यार कळला होता तुका?"

"व्हय."

"मगे दोनदा कापलंस कित्याक?"

मी इतकी वर्षं शिकलो. माझ्याकडे लांबलचक उत्तरं होती. मानवजातीचं भलं, पुढच्या पिढ्या, शास्त्राची पायरी. एकही तिच्यासमोर तोंडातून निघेना.

"बगूक," मी म्हटलं.

खरं तेवढंच होतं.

तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बगलंस मा? मगे जा आता."

ती आली नाही. मी सुनेची विनवणी केली, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. दार लावलेलं होतं. त्याच पावसाळ्यात ती गेली. मला बोलावणं आलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

वहिनी बोटीवर चढली. दवाखान्यात तिच्या उजव्या गालाचा आणि खालच्या जबड्याचा तुकडा काढला. तोंड वाकडं झालं, शब्द सांडायला लागले, पण जगली. पुढे कितीतरी वर्षं जगली आणि बाजारात पूर्वीसारखीच भांडली. घरातली पोरं वहिनीलाच आजी म्हणायची; विचारायची, आजीचा गाल असा कसा. गोष्टी सांगायचं काम आमच्याकडे माझं, म्हणून मी सांगायचो, होडीत मोरी, म्हणजे शार्क, चावली. वहिनी मागून म्हणायची, "मोरयेन खाल्ल्यान नाय रे, चव आवडली नाय तिका." पोरं हसायची. मीही हसायचो. माझ्याच मुलांना पुढे खरं सांगितलं तेव्हा धाकटी म्हणाली, "पण बाबा, ती दुसरी आजी?" तिला शेवंताचं नावही मी त्या दिवसापर्यंत सांगितलेलं नव्हतं.

वहिनी दवाखान्यात असताना साहेबांनी मला बोलावलं.

"एक उत्तम मालिका तोडलीस तू," ते म्हणाले. "ठीक आहे. भावना समजू शकतो. तिथल्या आणखी दोघी आहेत. दिवाळीनंतर निघू."

"मी येणार नाही सर. आणि त्या दोघीही येणार नाहीत. त्यांना काय झालंय ते मी सांगून आलोय. एक पुढच्या आठवड्यात दवाखान्यात येतेय."

साहेबांचा आवाज चढला नाही. कधीच चढत नसे. "तुम्हा लोकांना वर घ्यावं तर हे असं होतं," ते म्हणाले. "शास्त्र तुमच्या रक्तात नाही."

पूर्वी हे वाक्य ऐकून मी आठवडाभर झोपलो नसतो. आणखी चांगले पापुद्रे कापून दाखवले असते. त्या दिवशी मला त्यांना काहीच दाखवायचं नव्हतं. शेवंताच्या दोन्ही काचा टेबलावर होत्या. साहेबांनी त्यांची छायाचित्रं निबंधात छापायचं ठरवलं होतं, खाली माझंही नाव घालून. मी म्हटलं, "माझं नाव काढा." त्यांनी काढलं. फार सहज काढलं. महिनाअखेरीला माझी जागाही गेली.

तेव्हापासून मी एका लहानशा दवाखान्यात तळघरात बसतो आणि इतरांनी कापून पाठवलेले तुकडे बघतो. बायको म्हणते, डॉक्टरेट करून तुम्ही खाटकाचा हिशोब ठेवता. तिचं चुकत नाही. मोठा शोध माझ्या हातून लागला नाही. पेशी पडदा कसा ओलांडते, ते अजून मला पुरतं कळलेलं नाही. कळावं असं अजूनही वाटतं. रोज वाटतं. ती भूक मेली असती तर मी चांगला माणूस झालो, असं म्हणता आलं असतं. ती मेलेली नाही. काचेवर एखादी फट सुंदर दिसली की अजूनही आधी आनंद होतो. मग तो कुणाचा तरी गाल आहे, हे आठवतं. या क्रमानेच होतं. उलट्या क्रमाने कधी झालं नाही.

म्हणून मी माझ्या मनावर काही सोपवत नाही. तुकडा बघितला की मी जिना चढून वर जातो आणि त्या बाईला शोधतो. खाटेवर असेल तर खाटेपाशी, घरी गेली असेल तर घरी. डॉक्टरांना राग येतो. सांगायचं काम आमचं, ते म्हणतात. सांगा, मी म्हणतो, आणि तिथेच उभा राहतो, सांगेपर्यंत. नाही सांगितलं तर मी सांगतो. दोनदा त्यावरून नोकरी जायची वेळ आली. जाईना. तिसऱ्यांदा गेली तरी दुसरीकडे जिना असेल, तो चढेन.

ती कुणाची कोण, हे मी विचारत नाही. तिच्या गालातलं तिच्याआधी मला कळलं, तर ते माझ्याजवळ ठेवायचा हक्क मला नाही. साहेबांना नव्हता, शास्त्राला नाही, मलाही नाही. यावर माझ्याशी वाद घालायला पुष्कळ शिकलेली माणसं येतात. मी त्यांना बसायला खुर्ची देतो आणि वर निघून जातो.